प्रकार विचारावा की मेथड लिहावी? फेरीबोटीच्या कोडावरून एक सविस्तर उत्तर

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ती मांडवीवरच्या फेरीबोटींच्या तिकिटांचं आणि नोंदींचं सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिते आहे. वाहनाचा प्रकार ओळखायला तिच्या कोडात जागोजागी इन्स्टन्सऑफ, म्हणजे ‘हा ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का’ ही तपासणी, आलंय. मार्गदर्शकांनी ते बघून सांगितलं, ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये (डेटा आणि त्यावरची कामं एकाच क्लासमध्ये ठेवण्याच्या पद्धतीत) प्रकार विचारायचा नसतो, मेथड, म्हणजे ते काम त्या क्लासच्या आतच, लिहायची असते. मग तिने जावा 21मधलं पॅटर्न मॅचिंग (प्रकार तपासून त्याच पायरीत आतला डेटा हातात घेण्याची सोय) वाचलं, तर तिथे भाषा स्वतःच प्रकार विचारायला शिकवते आहे. “मॅडम, मग बरोबर कोण?” असं तिने विचारलंय.

तुझा कोड मी नीट वाचला. इन्स्टन्सऑफ तू मुख्यतः तीन कामांसाठी वापरलंयस: वाहन डेकवर किती जागा अडवतं ते काढायला, भाडं ठरवायला आणि महिन्याचा अहवाल छापायला. या तिन्हींचं उत्तर एक नाही, आणि तुझा गोंधळ नेमका तिथूनच सुरू झालाय.

डेकवरची जागा आधी घेऊ. ती वाहनाची स्वतःची गोष्ट आहे. दुचाकी किती लांब-रुंद आहे हे दुचाकीच्या क्लासला माहीत असायला हवं, मालट्रकचं मालट्रकच्या. तू बाहेर उभी राहून प्रत्येकाला विचारतेस, तू दुचाकी का, चारचाकी का, मिनीबस का, आणि मग त्याच्या वतीने आकडा टाकतेस. इथे तुझे मार्गदर्शक शंभर टक्के बरोबर आहेत. वाहन या इंटरफेसमध्ये (प्रत्येक वाहनाच्या क्लासने कुठल्या मेथड द्यायच्याच याचा करार) डेकजागा नावाची मेथड घाल आणि प्रत्येक क्लासला आपापलं उत्तर देऊ दे. उद्या ई-रिक्षा आली तर तिचा क्लास लिहितानाच कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) ती मेथड मागेल. बोट भरण्याच्या कोडाला हात लावायची गरजच पडणार नाही.

भाड्याचं तसं नाही. भाडं वाहन ठरवत नाही, नदी परिवहन खातं ठरवतं. दर बदलतात, सवलती येतात, पास येतात. तू भाडं ही मेथड प्रत्येक वाहनाच्या क्लासमध्ये घातलीस तर दरपत्रक चार-पाच फायलींत विखुरलं जाईल, आणि दर बदलले की त्या सगळ्या उघडाव्या लागतील. दरांचा तक्ता कागदावर एका जागी असतो, तसा तो कोडातही एका जागी दिसला पाहिजे. अहवालाचं तर आणखी उघड आहे. आज मराठीत छापायचा, उद्या कोंकणीत आणि इंग्रजीत, परवा एक्सेलमध्ये. त्या छपाईचा भार मालट्रकच्या क्लासने का वाहावा? अशा ठिकाणी बाहेर उभं राहून प्रकार बघणं आणि त्यावरून फांदी निवडणं हे बरोबर डिझाइन आहे. त्याला पळवाट म्हणणारे लोक ऑब्जेक्टवर नको ती जबाबदारी टाकतात.

म्हणून मी टीममध्ये कुणाचा कोड तपासते तेव्हा इन्स्टन्सऑफ दिसलं म्हणून थांबत नाही. हे ज्ञान नक्की कुणाचं, आणि पुढे या कोडात वाढणार काय, नवे प्रकार की नवी कामं, एवढं विचारते. प्रकार वाढत राहणार असतील आणि कामं ठरलेली असतील तर मेथड. प्रकार ठरलेले असतील आणि त्यांच्यावरची कामं वाढत जाणार असतील तर पॅटर्न मॅचिंग. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी 1998 साली या पेचाला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ हे नाव दिलं. क्लास आणि मेथडच्या मांडणीत नवा प्रकार स्वस्तात येतो आणि नवं काम महाग पडतं. फंक्शन आणि पॅटर्नच्या मांडणीत याच्या नेमकं उलट. एका मांडणीत दोन्ही स्वस्त करायला वेगळी कसरत करावी लागते. आपल्या रोजच्या कामात कुठली बाजू महाग पडली तर चालेल, एवढं ओळखलं तरी पुष्कळ झालं.

‘प्रकार विचारणं हे ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या विरुद्ध आहे’ हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्याचा इतिहास कुणी बघत नाही. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी घडवलेली सिम्युला 67 ही क्लास आणि सब-क्लास (एका क्लासवरून काढलेला दुसरा क्लास) आणणारी पहिली भाषा. तिच्यातच ‘इन्स्पेक्ट’ नावाचं विधान होतं. ऑब्जेक्ट द्यायचा, खाली ‘व्हेन’ लिहून क्लासची नावं मांडायची, शेवटी ‘अदरवाइज’. आणि ज्या क्लासची फांदी चालेल तिच्या आत त्या क्लासची फील्ड्स कास्ट न करता (‘याला अमुक प्रकारचा समज’ असं वेगळं न सांगता) थेट वापरता यायची. म्हणजे आज जावा 21 जे करते त्याचा गाभा पहिल्याच भाषेत होता. पुढे बिआर्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस बनवताना रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, प्रकार विचारायची सोय सुरुवातीला मुद्दाम बाहेर ठेवली. सिम्युलात लोक जिथे व्हर्च्युअल फंक्शन (सब-क्लासला आपल्यापुरती बदलता येणारी मेथड) हवं तिथेही इन्स्पेक्ट वापरतात हे त्यांनी पाहिलं होतं. शेवटी 1998च्या मानकात डायनॅमिक कास्ट, म्हणजे तीच सोय, आलंच, कारण गरज खरी होती. तुझ्या मार्गदर्शकांची भीती निराधार नाही, तिचं मूळ हे असं जुनं आहे.

आता जुन्या पद्धतीचं इन्स्टन्सऑफ नेमकं कुठे दगा देतं ते तुझ्याच कोडात बघ. तुझी टॅक्सी ही चारचाकीची सब-क्लास आहे. भाड्याच्या इफ-एल्स साखळीत तू आधी चारचाकी तपासतेस, खाली टॅक्सी. टॅक्सी ही चारचाकीही असल्यामुळे वरचीच अट खरी ठरते आणि टॅक्सीची फांदी कधीच चालत नाही. कंपायलर गप्प बसतो, टेस्ट नसेल तर कुणालाच कळत नाही, आणि टॅक्सीला कायम खासगी गाडीचं भाडं लागतं. दुसरी जागा मिनीबसची. अट मिनीबसची आहे, पण खालच्या ओळीतलं कास्ट मालट्रकचं आहे, कारण वरचा तुकडा कॉपी करून चिकटवलाय. तिथे पहिली मिनीबस आली की प्रोग्रॅम चालू असतानाच क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर येईल. प्रकाराचं नाव एकाच गोष्टीसाठी दोनदा लिहावं लागतं तिथे अशी चूक कधी ना कधी होतेच.

जावा 16पासून, म्हणजे मार्च 2021पासून, हे दुसरं दुखणं संपलं. इन्स्टन्सऑफच्या पुढे प्रकार आणि त्याच्या पुढे नाव लिहायचं; तपासणी खरी ठरली की ते नाव त्या प्रकाराचं व्हेरिएबल होतं. नाव कुठवर दिसणार हे कोडाच्या प्रवाहावरून ठरतं. वाहन चारचाकी नसेल तर रिटर्न, असं पहिल्या ओळीत लिहिलंस तर खाली उरलेल्या पूर्ण मेथडमध्ये ते चारचाकीचं नाव वापरता येतं. मला ही लिहिण्याची रीत फार आवडते, कारण नको असलेली केस वरच निकालात निघते आणि मुख्य कोड डावीकडे सरळ राहतो. नल आला, म्हणजे ऑब्जेक्टच नसला, तर इन्स्टन्सऑफ नेहमीच खोटं देतं, त्यासाठी वेगळी तपासणी लिहू नकोस.

पहिलं दुखणं, क्रमाचं, जावा 21मध्ये सप्टेंबर 2023ला सुटलं. स्विचमध्ये (केस लिहून अनेक फांद्यांतली एक निवडणारी रचना) चारचाकीची केस टॅक्सीच्या वर ठेवलीस तर कंपाइलच होत नाही. वरच्या केसने खालचीला झाकलंय अशी एरर येते. इफ-एल्स साखळीला ही राखण मिळत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा साखळी सोडून स्विचकडे जावं.

पण पॅटर्न मॅचिंगची खरी ताकद अजून पुढे आहे, आणि ती सील्डशिवाय हाती लागत नाही. जावा 17पासून इंटरफेस किंवा क्लासवर सील्ड लिहून पुढे परमिट्समध्ये सांगता येतं की याचे प्रकार हे एवढेच. बाकी कुणाला त्यातून क्लास काढता येत नाही. प्रत्येक सब-क्लासने स्वतः फायनल (पुढे क्लास काढता येत नाही), सील्ड किंवा नॉन-सील्ड (कुणालाही काढता येतो) यांपैकी काय ते जाहीर करायचं. रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा आटोपशीर क्लास) मुळातच फायनल असतो, त्यामुळे सील्ड इंटरफेस आणि त्याखाली रेकॉर्ड ही जोडी उत्तम जमते. आता कंपायलरला सगळे प्रकार ठाऊक असतात, म्हणून तुझ्या स्विचमधून एखादा सुटला तर तो अडवू शकतो.

तुझ्याच विषयातलं उदाहरण घेऊ. 2025मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर रो-रो (वाहनं थेट चढतात आणि थेट उतरतात अशा) फेरीबोटी सुरू झाल्या. त्याआधी लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये बोट हा सील्ड इंटरफेस असता आणि त्याखाली साधी फेरी आणि राखीव फेरी असे दोनच रेकॉर्ड असते, तर रो-रो आल्यावर काय झालं असतं? परमिट्समध्ये तिसरं नाव घातलं असतं आणि बिल्ड, म्हणजे सगळा कोड कंपाइल करणं, फुटला असता. फुटला असता तो नेमका त्या ओळींवर जिथे बोटीचा प्रकार बघून निर्णय होतो: भाडं, वाहनं चढवण्याचा क्रम, फेऱ्यांचं वेळापत्रक, अहवाल. कंपायलरने कामांची यादीच हातात दिली असती. स्विच असा दिसतो (कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये):

रिटर्न स्विच (बोट) {
 केस साधीफेरी(व्हार क्षमता) -> साधादर(क्षमता);
 केस राखीवफेरी(व्हार क्षमता, व्हार कारण) -> शून्य;
 केस रोरोफेरी(व्हार क्षमता, व्हार वेळ) -> रोरोदर(क्षमता, वेळ);
};

कंसातली नावं ही रेकॉर्ड पॅटर्नची करामत. ऑब्जेक्ट ओळखायचा आणि त्याच ओळीत उलगडून आतले भाग हातात घ्यायचे. आत आणखी रेकॉर्ड असेल तर तोही तिथेच उलगडता येतो. एखादा भाग नको असेल तर जावा 22पासून त्या जागी नुसता अंडरस्कोर टाकता येतो. वरच्या राखीव फेरीतली दोन्ही नावं वापरात नाहीत, तिथे तेच शोभेल.

या स्विचला डिफॉल्ट (कुठलीच केस जुळली नाही तर चालणारी फांदी) नाही, आणि तो मी मुद्दाम टाळलाय. तू मात्र सगळीकडे डिफॉल्ट लिहून शून्य परत करतेस. शाळेपासून शिकवलेलं असतं की डिफॉल्ट असावा, म्हणून हात आपोआप जातो. सील्ड प्रकारांवर डिफॉल्ट लिहिणं म्हणजे कंपायलरला सांगणं, मला माहीत नसलेलं काहीही आलं तरी चालवून घे. मग रो-रो आल्यावर बिल्ड हिरवा राहील, रो-रोच्या सगळ्या तिकिटांवर शून्य रुपये छापले जातील, आणि हे कळेल हिशेब जुळवताना. चार-पाच केसचं उत्तर एकच असेल तरी त्या केस वेगवेगळ्या लिही. अंडरस्कोर हाताशी असेल तर स्वल्पविरामाने एका ओळीतही बसतील. कंटाळवाणं वाटेल, पण ही टंकणाची मेहनत मी टीममध्ये कुणालाही वाचवू देत नाही. एनमवरही (ठरावीक किमतींच्या यादीवरही) हेच लागू आहे, फक्त तिथे एक खोच आहे. जुन्या पद्धतीचं स्विच विधान एनमच्या सगळ्या किमती आल्या का हे तपासत नाही. किंमत परत करणारं स्विच एक्स्प्रेशन तपासतं. म्हणून शक्य तिथे एक्स्प्रेशनच लिही.

गार्डबद्दल तू वेगळं विचारलंयस. केसच्या पुढे व्हेन लिहून अट घालता येते, उदाहरणार्थ मालट्रक आणि वजन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त. अट असलेली केस सगळे प्रकार पूर्ण झाले का या मोजणीत धरली जात नाही, म्हणून खाली बिनअटीची मालट्रकची केस लागतेच. आणि नल: स्विचमध्ये केस नल लिहिली नाहीस आणि नल आला तर नलपॉइंटरएक्सेप्शन येतं, डिफॉल्ट असला तरीही. माझ्या मते ते बरोबरच आहे. बोट नसताना भाडं काढायला कुणी आलंय, तर तो दोष वरच्या पायरीवर शोधावा.

आता अशी जागा सांगते जिथे कसलेले लोकही अडकतात: डेटाबेस. पुढे तू हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी) वापरणार आहेस म्हणालीस. तिकीट या एंटिटीत (डेटाबेसच्या ओळीशी जोडलेल्या क्लासमध्ये) वाहन लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आणायचं असं, ठेवलंस, तर तिकीट उचलल्यावर वाहनाच्या जागी खरा ऑब्जेक्ट नसून त्याची प्रॉक्सी, म्हणजे बदली ऑब्जेक्ट, असू शकते. ही प्रॉक्सी हायबरनेटने चालू प्रोग्रॅममध्ये वाहन या मूळ क्लासची सब-क्लास म्हणून बनवलेली असते. ओळ प्रत्यक्षात मालट्रकची असली तरी प्रॉक्सी मालट्रकची सब-क्लास नसते, त्यामुळे इन्स्टन्सऑफ मालट्रक खोटं देतं. डेटाबेसमध्ये ट्रक स्पष्ट दिसतो, डीबगरमध्येही प्रॉक्सीच्या आत ट्रक दिसतो, आणि अट मात्र पास होत नाही. यात माणसाचा अख्खा दिवस सहज जातो. अनप्रॉक्सी ही मेथड वापरून खरा ऑब्जेक्ट काढून मग तपासायचं, हा एक उपाय. दुसरा जास्त चांगला: एंटिटीवर साधी मेथड बोलाव. प्रॉक्सी ती खऱ्या ऑब्जेक्टकडे पोचवते आणि ओव्हरराइड केलेली (सब-क्लासने आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलेली) मेथड बरोबर चालते. शिवाय सील्ड क्लासमधून अशी प्रॉक्सी काढता येत नाही आणि रेकॉर्ड एंटिटी होऊ शकत नाही. म्हणून एंटिटी वेगळ्या ठेव, डेटाबेसच्या कडेलाच त्यांचं रूपांतर सील्ड रेकॉर्डमध्ये कर आणि पॅटर्न मॅचिंग आतल्या भागात वापर.

इक्वल्सबद्दल, म्हणजे दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणाऱ्या मेथडबद्दल, थोडक्यात. चारचाकीच्या इक्वल्समध्ये इन्स्टन्सऑफ चारचाकी लिहिलंस आणि टॅक्सीने परमिट क्रमांक धरून आपलं इक्वल्स ओव्हरराइड केलं, तर चारचाकी म्हणेल आपण समान आहोत आणि टॅक्सी म्हणेल नाही. समानता दोन्ही बाजूंनी सारखीच निघायला हवी. तसं नसेल तर सेटमध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) विचित्र गोष्टी घडतात. गेटक्लास वापरून दोघांचा नेमका क्लास जुळवणं हा एक मार्ग, पण वरच्या प्रॉक्सीपुढे तो फसतो. क्लास फायनल असेल तर हा प्रश्न उरतच नाही, आणि रेकॉर्डला इक्वल्स आयतं मिळतं. जेनेरिक्सचंही (लिस्टमध्ये कुठला प्रकार ठेवायचा ते कोडात सांगण्याच्या सोयीचं) लक्षात ठेव: लिस्टमध्ये तिकिटं आहेत की स्ट्रिंग्ज हे जावाला रनटाइमला ठाऊक नसतं, तो तपशील कंपाइल होताना पुसला जातो. नुसता ऑब्जेक्ट हाती असताना तिकिटांची लिस्ट आहे का असं विचारलंस तर कोड कंपाइल होणार नाही.

कंपायलरच्या राखणीला एक मर्यादा आहे. बोटीचे प्रकार एका जारमध्ये (कंपाइल केलेल्या कोडाच्या फायलीत) आणि स्विच दुसऱ्यात, आणि पहिलाच बदलून दुसरा पुन्हा कंपाइल न करता तसाच ठेवला, तर चालू प्रोग्रॅममध्ये मॅचएक्सेप्शन येतं. गुपचूप चुकीचं भाडं लागण्यापेक्षा ते कितीतरी बरं. म्हणूनच परमिट्समधले सगळे प्रकार एका मॉड्यूलमध्ये, आणि मॉड्यूल नसतील तर एका पॅकेजमध्ये असावेत असा नियम आहे.

नोकरीत दुसरी भाषा लागली तर गडबडू नकोस. सी शार्पमध्ये पॅटर्न 2017च्या आवृत्ती 7पासून आहेत, पण तिथे सील्डचा अर्थ जावातल्या फायनलसारखा आहे. कॉटलिनमध्ये सील्ड क्लासवरचं व्हेन अपुरं असेल तर आवृत्ती 1.7पासून ती एररच आहे. पायथनमध्ये मॅच 3.10पासून, 2021मध्ये आलं. तिथे केसच्या पुढे नुसतं नाव लिहिलंस तर ते तुलना करत नाही, जे येईल ते त्या नावात भरतं. आणि तिथे ट्रू हा पूर्णांकही ठरतो, म्हणून बूलियनची केस पूर्णांकाच्या वर ठेवायची.

तुझ्या प्रकल्पात कामाला लागशील तेव्हा डेकजागेची साखळी आधी मेथडमध्ये हलव, कारण तिथे दुमत नाही. मग टॅक्सी आणि मिनीबसच्या त्या दोन जागा टेस्ट लिहून पकड आणि दुरुस्त कर. त्यानंतर वाहन आणि बोट सील्ड कर, भाडं आणि अहवाल स्विच एक्स्प्रेशनमध्ये घे आणि डिफॉल्ट काढ. तू लॅबमध्ये जावा 17 असल्याचं लिहिलंयस. तिथे सील्ड, रेकॉर्ड आणि नावासकट इन्स्टन्सऑफ चालेल, पण स्विचमधले प्रकारांचे पॅटर्न त्या आवृत्तीत फक्त प्रीव्ह्यू, म्हणजे अजून पक्के न झालेले, म्हणून आहेत, त्यांच्यावर प्रकल्प उभा करू नकोस. परवानगी मिळाली तर जावा 21 टाकून घे. नाही मिळाली तर इफ-एल्स साखळी ठेव, सब-क्लास मूळ क्लासच्या वर घे, आणि शेवटच्या एल्समध्ये शून्य परत न करता आलेल्या ऑब्जेक्टच्या क्लासचं नाव घालून इललीगलस्टेटएक्सेप्शन फेक.